ताटाची डावी बाजू आणि हेडसेटचं पॅकेज

पत्राचा सारांश: नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वडील ५९ वर्षांचे, अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करायचे. पाच महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. आता काठी घेऊन चालतात. डावा हात खांद्यातून थोडा उचलतो, मूठ मिटते, पण बोटं पूर्ण उघडत नाहीत. फिजिओ आठवड्यातून तीनदा घरी येतात, एका वेळचे ५०० रुपये घेतात. गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकने 'ऑगमेंटेड रिॲलिटी'चं पॅकेज सुचवलं आहे: ४५ मिनिटांच्या २० सिटिंग, ३०,००० रुपये. हेडसेट लावून हवेतले फुगे फोडायचे, वस्तू उचलायच्या. त्याने 'बंद पडलेल्या नसा जाग्या होतात', आणि तोवर घरचा फिजिओ बंद ठेवा, असं सांगण्यात आलं. पुण्यातला भाऊ म्हणतो, त्यापेक्षा हेडसेटच विकत घेऊ. ताई लिहितात: 'सहा महिने उलटले की सुधारणा थांबते म्हणतात, म्हणजे आमच्याकडे महिनाच उरलाय. त्यात बाबा मनावर घेत नाहीत. व्यायामात लक्ष नसतं. आवडती चटणी ताटात तशीच ठेवतात, दाढी अर्धवट करतात, आई डावीकडून बोलली तर उत्तर देत नाहीत. काय करू?'

ताई,

आधी चटणीबद्दल बोलू या, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिच्यावर अवलंबून आहेत.

आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे असते, भाजी-आमटी उजवीकडे. बाबा उजवीकडचं संपवतात, डावीकडचं राहतं. दाढी कोणत्या गालाची राहते, ते तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा डाव्या. आई डावीकडून बोलली की उत्तर नाही. या तिन्ही गोष्टी तुम्ही 'मनावर घेत नाहीत' या एका तक्रारीत घातल्या आहेत. मला त्या एकाच आजाराच्या खुणा वाटतात. डावी बाजू लुळी पडते तेव्हा झटका बहुतेक वेळा मेंदूच्या उजव्या भागात आलेला असतो, आणि त्या भागाला इजा झाली की कित्येक रुग्णांच्या बाबतीत जगाची डावी बाजू लक्षातूनच निसटते. डोळे शाबूत असतात, ऐकू येत असतं, पण मेंदू त्या बाजूची नोंद घेत नाही. डॉक्टर याला 'निग्लेक्ट' म्हणतात. अवघड भाग असा की रुग्णाला स्वतःला काही कमी आहे असं जाणवतच नाही. म्हणून तो तक्रार करत नाही, आणि घरच्यांना तो आळशी किंवा हट्टी वाटतो.

हे घरी ढोबळपणे तपासता येतं. कोऱ्या कागदावर २० सेंटिमीटरची आडवी रेघ आखा, कागद बाबांच्या छातीच्या बरोबर समोर ठेवा आणि रेघेच्या मध्यावर खूण करायला सांगा. अशा पाच रेघा पाच वेगळ्या कागदांवर. खूण दर वेळी मध्यापासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उजवीकडे सरकत असेल, तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. मग एक गोल काढून घड्याळाचे आकडे भरायला सांगा. सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले गेले तर शंका बळावते. कागद हलू देऊ नका आणि 'डावीकडे बघा' असं सुचवू नका, नाहीतर चाचणी बिघडते. हे कागद तारीख घालून जपून ठेवा. निदान मात्र न्यूरॉलॉजिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टनेच करायचं. कारण दृष्टीचा डावा अर्धा भागच गेलेला असणं हा वेगळा दोष आहे. त्यातही चटणी राहू शकते, पण तो रुग्ण बहुधा मान वळवून भरपाई करायला शिकतो. दोन्ही दोष एकत्रही असू शकतात.

आता हेडसेट. ऑगमेंटेड रिॲलिटीत, म्हणजे एआरमध्ये, माणसाला आपली खरी खोली, खरं टेबल आणि खरा हात दिसतो आणि त्यावर चित्रं उमटतात. व्हर्च्युअल रिॲलिटीत खोली पूर्ण झाकली जाते. झटका येऊन गेलेल्या माणसासाठी हा फरक मोठा आहे: आपला हात आणि समोर बसलेली आई दिसत राहिली की तो कमी घाबरतो, आणि बऱ्याच जणांना गरगरतंही कमी. पण डावी बाजू लक्षातच येत नसेल, तर डावीकडचे फुगे फुटणारच नाहीत. गुण कमी येतील आणि 'पेशंट सहकार्य करत नाही' असा शेरा मिळेल. याहून वाईट म्हणजे, काही खेळ रुग्णाला जमेल तसे आपोआप सोपे होत जातात. मग फुगे हळूहळू उजवीकडेच यायला लागतात, गुण वाढतात, आणि सराव होतो तो ज्या बाजूची अडचण नव्हती तिचाच.

उलट, हेच साधन डोळसपणे वापरलं तर निग्लेक्टमध्ये उपयोगी पडू शकतं. डाव्या कडेला ठळक, चमकणारा पट्टा दाखवायचा, 'पट्टा दिसेपर्यंत मान वळवा' असा नियम ठेवायचा, आणि लक्ष्य मध्यापासून सुरू करून थोडं थोडं डावीकडे न्यायचं. क्लिनिकला पहिला प्रश्न हाच विचारा: लक्ष्य कुठे दिसावं हे थेरपिस्टला हाताने ठरवता येतं का, आणि डावीकडचे-उजवीकडचे गुण वेगळे मिळतात का? याचं उत्तर 'नाही' असेल तर ते पॅकेज तुमच्या बाबांसाठी नाही.

'नसा जाग्या होतात' या वाक्यात गल्लत आहे. हाताच्या नसांना काही झालेलं नाही. मेंदूतून हाताकडे हुकूम नेणारी वाट तुटली आहे, आणि शेजारचे शाबूत भाग ते काम उचलायला शिकतात ते भरपूर, नेमक्या, पुन्हा पुन्हा केलेल्या सरावाने. एआर हे त्या सरावाचं एक साधन आहे. उत्तर अमेरिकेतल्या एका पाहणीत, जी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, थेरपीच्या एका बैठकीत हाताच्या उपयोगी हालचालींची आवर्तनं सरासरी फक्त ३२ भरली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतात ते दिवसाला शेकडो आवर्तनांनंतर. खेळ म्हणून हात चालवला तर शंभर-दोनशे आवर्तनं कंटाळा न येता होतात, आणि एआरचा खरा फायदा तिथेच आहे. संशोधनाची दिशाही हीच आहे. कोक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये झटक्यानंतरच्या व्हर्च्युअल रिॲलिटीवरच्या ७२ चाचण्या एकत्र तपासल्या. नेहमीच्या थेरपीच्या जागी ती दिली तर हाताच्या बाबतीत सरस ठरली नाही; नेहमीच्या थेरपीत भर म्हणून दिली, म्हणजे सरावाचा एकूण वेळ वाढला, तेव्हा फायदा दिसला. एआर तिची जवळची बहीण आहे, आणि तिच्यावरचे अभ्यास अजून लहान आहेत.

म्हणून घरचा फिजिओ बंद करायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. हिशोब करून पाहा. २० सिटिंग गुणिले ४५ मिनिटं म्हणजे १५ तास. हेडसेट बसवणं, जुळवणी, मध्ये विश्रांती यांत दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, म्हणजे हाती दहा-अकरा तास. आठवड्याला तीन सिटिंग धरल्या तर हे सुमारे सात आठवडे चालेल. त्याच सात आठवड्यांत घरी रोज एक तास सराव झाला तर ४९ तास होतात. सिटिंगला १,५०० रुपये देऊन फिजिओ बंद केला, तर सराव वाढत नाही, महाग होतो.

हेडसेटवर प्रत्यक्षात काय बिघडतं, तेही समजून घ्या. यातलं बरंच पहिल्या सिटिंगलाच दिसतं.

कॅमेरा हात ओळखतो तो बोटं वेगळी दिसली तर. ताठरपणामुळे मूठ वळलेली असेल तर तो हात 'हरवतो' आणि खेळ थांबतो. बाबांना वाटतं आपलंच चुकलं. बऱ्याच हेडसेटमध्ये एखादी गोष्ट निवडायला अंगठा आणि तर्जनी जुळवून चिमटी करावी लागते, आणि बाबांना नेमकं तेच जमत नाही. ती निवड थेरपिस्टने करावी, किंवा चिमटीऐवजी हात नुसता लक्ष्यावर तीन सेकंद ठेवला तरी चालेल अशी सोय असावी. खोलीत भरपूर उजेड हवा, पण भिंगांवर थेट ऊन पडता कामा नये, भिंगं खराब होतात. टेबलावर एकरंगी, न चकाकणारी चादर टाका, स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर करा.

दुसरी अडचण कॅमेऱ्याला दिसत नाही, माणसाला दिसते. हात पुढे जात नाही म्हणून बाबा कंबरेतून पुढे झुकतील आणि खांदा कानाकडे उचलतील. फुगा फुटेल, गुण मिळेल, पण कोपर सरळ झालेलंच नसेल. मेंदू मग ही चोरवाटच पक्की करतो. पाठ खुर्चीला टेकलेली हवी. घरी सराव करताना रुंद ओढणी छातीभोवतून खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधली तरी पुरतं, फक्त तेवढा वेळ त्यांना एकटं सोडू नका. क्लिनिकमध्ये थेरपिस्ट शेजारी उभा राहून धड आणि खांद्याकडे बघतो, की हेडसेट लावून दुसऱ्या पेशंटकडे जातो, हे तुम्ही स्वतः पाहा. मी तरी या एका गोष्टीवरून क्लिनिक पारखेन.

तिसरी गोष्ट वजनाची. हवेतल्या पेल्याला वजन नसतं, तो निसटत नाही, गार लागत नाही. पकड किती घट्ट ठेवायची हे त्यातून शिकता येत नाही. म्हणून खरी वस्तू टेबलावर ठेवून तिच्याभोवती खुणा दाखवणारं एआर मला जास्त पटतं, मग ते टॅब्लेटच्या पडद्यावर असो की टेबलावर प्रोजेक्टरने टाकलेलं. दर सिटिंगची शेवटची दहा मिनिटं हेडसेट काढून तीच हालचाल खऱ्या पेल्यावर, खऱ्या डब्यावर झाली पाहिजे. हे आधीच ठरवून घ्या.

वजन मानेवरही येतं. क्वेस्ट ३ सारखा हेडसेट अर्ध्या किलोहून थोडा जास्त, ५१५ ग्रॅमचा आहे. निग्लेक्टच्या रुग्णाची मान बऱ्याचदा आधीच उजवीकडे वळलेली असते. सुरुवातीला एका वेळी पाच-सात मिनिटांवर जाऊ नका. हेडसेट लावून चालणं तर नकोच: कॅमेऱ्यातून दिसणारं अंतर किंचित फसवं असतं आणि डावीकडचा दरवाजा त्यांना तसाही जाणवत नाही. झटक्यानंतर एकदाही फिट आली असेल, किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावूच नका.

भावाच्या बेतालाही माझा आत्ता नकार आहे. बाजारातले खेळ धडधाकट हातांसाठी बनलेले असतात. त्यात बाबा हरत राहतील आणि हेडसेट कपाटात जाईल. शिवाय ही यंत्रं लवकर जुनी होतात. दवाखान्यांत बराच वापरला गेलेला होलोलेन्स २ हा एआर हेडसेट मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये बनवणं थांबवलं. क्लिनिककडे तो असेल तर बिघडल्यावर काय करणार, हे विचारायला हरकत नाही. चार-पाच सिटिंगनंतर थेरपिस्टने 'घरी अमुक खेळ, अमुक मापाने' असं लिहून दिलं, तर खरेदीचा विचार पुन्हा करा.

सहा महिन्यांच्या भीतीबद्दल. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो, हे खरं. सहाव्या महिन्याला दार बंद होतं, हे खरं नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्साइट या चाचणीत झटक्यानंतर ३ ते ९ महिन्यांचे २२२ रुग्ण होते. चांगल्या हाताला जागेपणीच्या ९० टक्के वेळेत हातमोजा घालून दुबळ्या हाताला दोन आठवडे कामाला लावलं, आणि त्याचा फायदा वर्षानंतरही टिकलेला दिसला. मात्र त्यात घेण्यासाठी मनगट आणि बोटं स्वतःहून किमान १० अंश तरी वर उचलावी लागत. बाबांचा हात मनगटापासून टेबलाच्या कडेबाहेर लोंबकळू द्या आणि वर उचलायला सांगा. थोडंही उचलत असेल तर फिजिओंना या पद्धतीबद्दल विचारा. उजव्या हातात काठी असल्यामुळे चालताना हातमोजा काढावाच लागेल.

घरी आजपासून काय करता येईल ते सांगते. काच-फ्रेमच्या दुकानातून दोन फूट बाय दीड फुटाचा आरसा आणा, ॲक्रिलिकचा मिळाला तर उत्तम, काचेचा असेल तर कडांना जाड टेप लावा. तो टेबलावर बाबांच्या छातीच्या मधोमध उभा करा, चकचकीत बाजू उजवीकडे. डावा हात आरशामागे, उजवा समोर. उजव्या हातातली अंगठी आणि घड्याळ काढा, म्हणजे प्रतिबिंब डाव्या हातासारखं वाटेल. आरशात बघत सावकाश मूठ उघडायची-मिटायची, मनगट वर-खाली, तळवा उताणा-पालथा, अंगठा एकेका बोटाला. प्रत्येकी २० वेळा, आणि मागचा डावा हातही जमेल तितका तसाच हलवायचा. १५ मिनिटं, दिवसातून दोनदा. कोक्रेनने २०१८ मध्ये या आरशाच्या उपचारावरचे ६२ अभ्यास तपासले. हाताच्या हालचालीत सुधारणा होते, याला त्यांना बऱ्यापैकी भक्कम पुरावा मिळाला. बाबांच्या बाबतीत आणखी एक सोय अशी की आरशात बघायला डावीकडेच वळावं लागतं. एआरमध्ये आरशाच्या उपचाराचे जे कार्यक्रम असतात, ते चांगला हात कॅमेऱ्याने उलटा करून दाखवतात. तत्त्व तेच आहे, आणि आरसा काही शे रुपयांचा आहे.

दुसरं, घडी केलेल्या नॅपकिनवर डावा तळवा ठेवून टेबलावरून पुढे सरकवणं, पाठ टेकलेली ठेवून. दहा-दहाचे पाच फेरे. टेबलाच्या डाव्या कडेला दोन इंच रुंद लाल पट्टी चिकटवा. ताटाखालीही डाव्या बाजूला लाल रिबन ठेवा आणि 'लाल दिसेपर्यंत मान वळवा' एवढंच आईने म्हणायचं. ताट फिरवून देऊ नका. त्याने जेवण संपतं, पण शोधायची सवय लागत नाही. आईने बोलताना आधी समोर उभं राहावं, लक्ष वेधलं की बोलत बोलत डावीकडे सरकावं.

मऊ चेंडू दाबायला दिला असेल तर काढून घ्या. बोटं मिटतातच, उघडत नाहीत, आणि दाबून दाबून मिटणारी बाजू आणखी ताठ होऊ शकते. डावा हात धरून ओढून उठवू नका, खांदा सांध्यातून सरकतो. कप्पी-दोरीने हात डोक्यावर ओढण्याचा व्यायामही टाळा. नाशिकच्या थंडीत सकाळी ताठरपणा जास्त जाणवतो, सराव आंघोळीनंतर ठेवा; पाणी उजव्या हाताने तपासायचं, डाव्याला चटका कळेलच असं नाही.

आणि त्यांच्या कामातलं काहीतरी द्या. एम-१६ चा बोल्ट आणि नट आणा. डाव्या हाताने बोल्ट धरायचा, उजव्याने नट फिरवायचा. सुरुवातीला डाव्या मुठीत बोल्ट आईने घालून दिला तरी चालेल. रोजच्या जगण्यात डाव्या हाताचं पहिलं काम धरून ठेवणं हेच असणार आहे. बरणी, ताटाची कड, शर्टाचं टोक. हवेतला फुगा फोडण्यापेक्षा हे त्यांना जास्त आपलंसं वाटेल. एवढं करूनही ते दिवसभर उदास, झोप-भूक कमी, कशातच रस नाही असे राहिले, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. झटक्यानंतर साधारण तीनपैकी एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर उपचार आहेत.

आता क्रम. आधी निग्लेक्टची तपासणी. कुठे जायचं हे न्यूरॉलॉजिस्ट सांगतील. फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या ओपीडीतही चौकशी करा, तिथली फी बहुधा परवडते. मग क्लिनिकला सांगा: पॅकेज नको, आधी फक्त दोन सिटिंगचे पैसे भरून बघू. थेरपिस्टची राज्य परिषदेकडची नोंदणी विचारा. हाताचं मोजमाप सुरुवातीला आणि दहा सिटिंगनंतर लेखी मागा. फ्यूगल-मायर ही हाताची चाचणी ६६ गुणांची असते, तिचा आकडा चालेल. 'बराच फरक आहे' हे मोजमाप नव्हे. दोन सिटिंगमध्ये हात ओळखला गेला, पाठ टेकलेली राहिली, गरगरलं नाही आणि बाबा पुन्हा जायला तयार असले, तर आठवड्याला दोन अशा दहा सिटिंग घ्या, घरचा फिजिओ चालू ठेवून. आईला रिक्षाने पाथर्डी फाट्याहून नेआण करायची आहे. त्या दिवशी त्या दमणार, हेही हिशोबात धरा.

इतर वाचकांसाठी थोडंसं. पार्किन्सनमध्ये चालताना पाय जमिनीला खिळतात, तिथे एआर चष्मा जमिनीवर आडव्या रेघा दाखवतो आणि त्या ओलांडताना पाऊल सुटतं. आधी घरात रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या एकेका पावलाच्या अंतराने, साधारण ४०-५० सेंटिमीटरवर, लावून बघा. त्याने पाय सुटत असेल तरच चष्म्यावर खर्चाचा विचार करावा. मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होण्याचा आजार) असलेल्यांना उष्णतेने आणि थकव्याने त्रास वाढतो, त्यांनी सत्र छोटं आणि पंख्याखाली ठेवावं.

भावाला हेडसेटऐवजी एक काम द्या. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने घड्याळ लावायचं: ६० सेकंदांत बाबांनी डाव्या हाताने बाटलीची झाकणं एका डब्यातून मधल्या पुठ्ठ्यावरून दुसऱ्या डब्यात टाकायची. सुरुवातीला एकही पडलं नाही तर नॅपकिन किती सेंटिमीटर पुढे गेला ते मोजायचं. फोन बाबांच्या डाव्या बाजूला ठेवा, आकडा आणि तारीख त्यानेच वहीत लिहायची. तीच वही दहाव्या सिटिंगला क्लिनिकमध्ये घेऊन जा.